चढणारी डाऊन गाडी

वरंध गाव मागे टाकून भोरच्या दिशेने निघालं की रस्ता घाट चढू लागतो. इकडचं कुणी पुण्याला गेलं असलं तर घरचे सांगतात, "घाटावर गेलाय." घाट केव्हाच ओलांडून झाला, माणूस पुण्यातल्या सपाट रस्त्यावर फिरतोय, तरी तो घाटावरच! भोरचा माणूस मात्र "खाली कोकणात" उतरतो.

आपण 'कोकणात' म्हणतो, पण 'देशावर'. 'कोकणावर' कुणी म्हणत नाही आणि 'देशात' म्हटलं की अर्थच पालटतो. सह्याद्रीची सगळी उंची त्या एवढ्याशा 'वर'मध्ये मावली आहे. पाऊससुद्धा हा भेद पाळतो. माथ्यावरून पश्चिमेला घरंगळलेलं पाणी सावित्रीतून बाणकोटला अरबी समुद्र गाठतं, तर पूर्वेचं नीरेतून भीमेत, पुढे कृष्णेत आणि थेट बंगालच्या उपसागरात.

आता इंग्रजी 'अप' घ्या. अप म्हणजे वर, हे आपण शाळेतच शिकलो. पण महाडच्या लोकांनी गाडी धरायला वीर स्टेशन गाठलं, की मुंबईला जाणारी गाडी अप आणि मडगावची डाऊन. चढाचा इथे काही संबंधच नाही. इंग्लंडमध्ये लंडनकडे जाणारी गाडी ती अप. तोच रिवाज रेल्वेबरोबर इकडे आला आणि लंडनच्या जागी मुंबई बसली.

याची खरी गंमत बोरघाटात दिसते. १८६३ साली सुरू झालेला हा लोहमार्ग ३७ फुटांमागे एक फूट चढतो. संध्याकाळी मुंबईहून निघालेली डेक्कन क्वीन, १२१२३, कर्जतला मागून बँकर इंजिनं जोडून घेते. ती रेटा देतात, डबे बोगद्यांमागून बोगदे पार करत लोणावळ्याला वर पोचतात. आणि कागदोपत्री ही गाडी डाऊन! सकाळी पुण्याहून सुटलेली १२१२४ तोच घाट उतरत मुंबईला येते, ती अप. तिथे डोंगर नाही, राजधानी उंच आहे.

मराठीने हे दोन्ही शब्द उचलले आणि त्यांतला चढही काढला, मुंबईही काढली. वरंधहून रोज कामाला जाणारा सहज सांगतो, "महाडला अप-डाऊन करतो."