संघाची बलस्थाने आणि उणिवा : फुटबॉलच्या एका जुन्या गेममधून मूल्यमापनाचा पाठ



‘पोरगं सारखं गेम खेळतं’ ही तक्रार पालकसभेत हमखास येते. आज एका जुन्या गेमकडे जरा वेगळ्या नजरेने पाहू. एखादा संघ कशात भारी आहे आणि कशात कमी पडतो, हे ओळखायचं कसं? हा प्रश्न खेळाइतकाच आपल्या वर्गाचाही आहे.

गेमची ओळख

या गेमचं नाव ‘चॅम्पियनशिप मॅनेजर’. इंग्लंडमधल्या पॉल आणि ऑलिव्हर कॉलियर या दोन भावांनी तो तयार केला आणि 1992 मध्ये तो बाजारात आला. 2001 साली आलेली त्याची 01/02 ही आवृत्ती जुने चाहते आजही खेळतात. यात आपण बॉल मारायचाच नाही. आपण संघाचे मॅनेजर. खेळाडू निवडायचे, कोणाला कुठे उभं करायचं ते ठरवायचं आणि सामन्याचं वर्णन वाचत बसायचं. प्रत्येक खेळाडूसमोर गुणांची यादी असते : गती, दम, पास, टॅकल, हेडर वगैरे. प्रत्येक गुणाला 1 ते 20 मधला एक आकडा.

बेरीज सारखी, संघ वेगळे

वर्गासाठी मी दोन काल्पनिक संघ तयार केले आहेत. फळ्यावर असे लिहा :

संघ अ : गती 16, दम 9, पास 8, टॅकल 7, हेडर 15
संघ ब : गती 10, दम 15, पास 14, टॅकल 11, हेडर 5

मुलांना बेरीज करायला सांगा. दोन्हीकडे 55 येते. मग विचारा, ‘दोन्ही संघ सारखेच का?’ थोड्या वेळात मुलंच बोलायला लागतात.

संघ अ ने कडेने पळत जाऊन उंच बॉल टाकावा, कारण डोक्याने गोल करणारे त्याच्याकडे आहेत. पण दम कमी, म्हणून शेवटची वीस मिनिटं त्याला जड जाणार. संघ ब ने बॉल जमिनीवर ठेवून छोटे पास द्यावेत आणि समोरच्याला पळवून पळवून थकवावं. मात्र कॉर्नर मिळाला की संघ ब चं काही खरं नाही, कारण उंच बॉल अडवणारं कोणी नाही.

म्हणजे काय, तर एकूण बेरजेवरून संघ कळत नाही. शिवाय उणीव ही समोर कोण आहे त्यावरही ठरते. समोरचा संघ उंच बॉल टाकतच नसेल, तर ब ची हेडरमधली उणीव त्या दिवशी जाणवणारही नाही.

मूल्यमापनात दोन्ही बाजू लिहून थांबू नये. तिसरा प्रश्न विचारावा : ही उणीव झाकायला कोण मदत करेल? हळू पळणाऱ्या बचावपटूच्या शेजारी चपळ गडी उभा करणं, हेच मॅनेजरचं खरं काम.

रिकामी जागा म्हणजे शून्य नव्हे

01/02 मध्ये एक नवी गोष्ट आली. जो खेळाडू आपल्या क्लबच्या फारसा माहितीतला नाही, त्याचे काही आकडे दिसतच नाहीत. ते कळायला आधी त्याचा खेळ पाहायला माणूस पाठवावा लागतो. काही गुण तर कायम लपलेलेच असतात, उदाहरणार्थ खेळातलं सातत्य, किंवा मोठ्या सामन्यात खेळाडू कसा टिकतो ते.

आमच्या अंबडच्या औद्योगिक वसाहतीत कामासाठी बाहेरच्या राज्यांतून आलेली अनेक कुटुंबं आहेत. त्यांची मुलं मराठी शाळेत आली की सुरुवातीला गप्प असतात. भाषेच्या तासाला गप्प बसलेल्या मुलाला गणित येत नाही, गोष्ट सांगता येत नाही, असं आपण धरून चालतो का? त्याच्या नोंदीची जागा अजून रिकामी आहे. ती भरायला आपल्यालाच त्याच्याजवळ जाऊन पाहावं लागेल. त्याच्या भाषेत गोष्ट सांगू द्या, मैदानावर बघा, मणी-काड्या देऊन उदाहरण सोडवून घ्या.

आकडा म्हणजे भविष्य नव्हे

या गेमचे आकडे हवेतून आलेले नव्हते. जगभरातली माणसं प्रत्यक्ष सामने पाहून ते कळवत. त्यांचं काम इतकं चोख होतं की, 2008 मध्ये एव्हर्टन या इंग्लंडमधल्या मोठ्या क्लबने खेळाडू शोधण्यासाठी याच निर्मात्यांची माहिती वापरण्याचा करार केला.

तरीही चेर्नो सांबाचं उदाहरण बघा. गांबियात जन्मलेला हा मुलगा लंडनच्या मिलवॉल क्लबच्या युवा संघात होता. 01/02 मध्ये त्याला घेतलं की काही वर्षांत तो जगातला अव्वल फॉरवर्ड व्हायचा. प्रत्यक्षात तो गांबियाच्या राष्ट्रीय संघाकडून आणि वेगवेगळ्या देशांतल्या क्लबांकडून खेळला, पण गेमने रंगवलेला महान खेळाडू झाला नाही. यात त्याचा दोष काय? कोवळ्या वयातल्या खेळावरून दुसऱ्यांनी बांधलेला तो अंदाज होता.

महाराष्ट्रात 20 ऑगस्ट 2010 च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. तेव्हापासून आपण नोंदवहीत ‘विशेष प्रगती’, ‘आवड-छंद’ आणि ‘सुधारणा आवश्यक’ अशा नोंदी लिहितो. त्यातलं ‘सातत्यपूर्ण’ हे मला सर्वांत मोलाचं वाटतं. जूनमध्ये लिहिलेली ‘वाचन अडखळत करतो’ ही नोंद मूल न ऐकता मार्चमध्ये तशीच उतरवली, तर ती नोंद राहत नाही, शिक्का होतो. आणि पालकांनी तोच शिक्का घरी रोज ऐकवला, की मूलही तो खरा मानायला लागतं.

वर्गात करून बघा

पाच-पाच मुलांचे गट करा. एक काम द्या, उदाहरणार्थ परिपाठात नाटुकलं बसवणं. प्रत्येक गटाने कागदावर तीन रकाने आखायचे :

1. आमच्या गटाला काय छान जमतं?
2. आम्ही कुठे अडतो?
3. तिथे कोण कोणाला सांभाळून घेईल?

दोन गोष्टी मात्र पाळा. मुलांना आकडे देऊ नका, आकडे फक्त काल्पनिक संघांना. आणि दुसऱ्या रकान्यात कोणाचंही नाव लिहायचं नाही. ‘संजू घाबरतो’ असं न लिहिता ‘मोठ्याने बोलायला आम्हाला भीती वाटते’ असं लिहायचं. नावं तिसऱ्या रकान्यात येऊ द्या. महिन्याने तोच कागद पुन्हा द्या आणि काय बदललं ते मुलांनाच खोडून नव्याने लिहू द्या.

पालकांनो, तुम्हीही घरी गेम खेळणाऱ्या मुलाला एकदा विचारा, ‘तुझी टीम कशात कच्ची आहे? मग तू काय करतोस?’ तो काय सांगतो ते शांतपणे ऐका. विचार करणं, तुलना करणं, कारण देणं, सगळं त्या उत्तरात सापडेल.