नवा माणूस अडखळतोय: ठेवायचा की काढायचा? तीन रकान्यांची वही



नवा माणूस कामावर कसा घ्यायचा, या व्हिडिओनंतर तुमच्याकडून सगळ्यात जास्त आलेला प्रश्न एकच होता: "सर, घेतला. पण वर्ष होत आलं तरी जमत नाहीये. काढू की ठेवू?"

काढला तर शिकवलेलं सगळं पाण्यात. ठेवला तर रोज गिऱ्हाईक तुटतंय. आणि समोर एक तरुण मुलगा आहे, त्याच्या पोटापाण्याचा प्रश्न आहे. त्यामुळे हा निर्णय रागाच्या भरात घ्यायचा नाही आणि नुसत्या दयेपोटीही नाही. तो कागदावर मांडून घ्यायचा.

आज उदाहरण घेऊया अमेरिकन फुटबॉलचं. पायाने खेळतात तो नाही, हातात लांबट चेंडू घेऊन धावतात तो. का? कारण या खेळात क्वार्टरबॅक नावाच्या एका जागेसाठी माणूस पारखण्यावर अफाट पैसा आणि डोकं खर्च होतं, आणि तरीही मोठमोठे संघ सपशेल चुकतात. शिवाय प्रत्येक खेळाडूचा आकडा न् आकडा सगळ्यांसमोर असतो.

क्वार्टरबॅकचं काम, दोन मिनिटांत

एका बाजूला ११ खेळाडू. चार प्रयत्नांत १० यार्ड पुढे सरकायचं. चेंडू आधी क्वार्टरबॅकच्या हातात येतो. तो हातातला चेंडू शेजारच्याला देतो, स्वतः पळतो, किंवा लांब धावणाऱ्या साथीदाराकडे फेकतो. त्या साथीदाराला रिसीव्हर म्हणतात. समोरून धिप्पाड माणसं अंगावर धावून येत असतात, त्यांना थोपवायला आपली पाच जणांची भिंत असते. विचार करायला वेळ मिळतो साधारण अडीच ते तीन सेकंद.

पास साथीदाराने झेलला तर पूर्ण. विरोधकाने मधेच झेलला तर इंटरसेप्शन, म्हणजे सरळ नुकसान. शेवटच्या रेषेपलीकडे पोचलात तर टचडाउन, ६ गुण.

५२.८ टक्क्यांचा मुलगा

२०१८ साली बफेलो बिल्स या संघाने एकूण ७व्या क्रमांकावर जॉश ॲलन नावाचा मुलगा निवडला. कॅलिफोर्नियातल्या फायरबॉ या छोट्या गावातल्या शेतकऱ्याचा पोरगा. शाळेनंतर मोठ्या कॉलेजांपैकी एकानेही त्याला घेतलं नव्हतं. तो आधी रीडली या छोट्या कॉलेजात खेळला, मग वायोमिंग विद्यापीठात.

पहिल्या वर्षी ॲलनने फेकलेल्या १०० पासपैकी साधारण ५३च साथीदाराच्या हातात पडले. नेमका आकडा ५२.८ टक्के. लीगची सरासरी होती ६५च्या आसपास. १० टचडाउन पास, १२ इंटरसेप्शन. नियमित खेळणाऱ्या क्वार्टरबॅकमध्ये अचूकतेत तो तळाला होता. संघ १६ पैकी ६ सामने जिंकला.

आता तुम्ही मालक आहात. हा आकडा टेबलावर आहे. काय कराल?

बरेच जाणकार म्हणाले, संपला विषय. कॉलेजातही याची अचूकता ५६ टक्केच होती, आणि फेकीतली अचूकता शिकवून येत नाही. त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. बहुतेक वेळा तसंच होतं.

पण ५२.८ हा आकडा फक्त एवढंच सांगतो की काहीतरी बिघडलंय. कुठे बिघडलंय, ते सांगत नाही. गल्ल्यात पैसे कमी आले म्हणजे विक्री कमी, उधारी जास्त, की माल चोरीला गेला, हे गल्ला सांगत नाही. तसंच हे. म्हणून तीन रकाने करायचे.

पहिला रकाना: जमा (जे शिकवून येत नाही)

ॲलनकडे काय होतं? उंची ६ फूट ५ इंच. हातात असा जोर की मैदानाच्या कुठल्याही कोपऱ्यात चेंडू पोचवायचा. आणि पाय. त्याच पडत्या वर्षात त्याने धावून ६३१ यार्ड मिळवले आणि ८ टचडाउन केले. म्हणजे पास जमत नव्हता तेव्हाही तो संघाला काहीतरी कमावून देत होता.

हे फार महत्त्वाचं आहे. अडखळणारा माणूस अडखळताना काय कमावतो, ते बघा. सगळीकडेच शून्य असेल तर गोष्ट वेगळी.

दुसरा रकाना: नावे (जे शिकवता येईल असं वाटतं)

इथे 'अचूकता कमी' असं लिहून थांबायचं नाही. तिचे तुकडे करायचे.

एक, पाय. फेक हातातून निघते असं आपल्याला वाटतं, पण ती जमिनीतून सुरू होते. पाय, मग कंबर, मग खांदा, मग हात. ॲलनच्या हातात एवढी ताकद होती की पाय चुकीचे पडले तरी चेंडू लांब जायचा. लांब जायचा, पण नेमका नाही.

दोन, जोर. पाच यार्डांवरच्या साथीदारालाही बंदुकीच्या गोळीसारखा पास. झेलणार कसा?

तीन, निर्णय. सोपा, छोटा पास समोर असताना मोठाच डाव मारायचा मोह. जानेवारी २०२० मध्ये ह्यूस्टनविरुद्धच्या बाद सामन्यात हे सगळ्यांनी पाहिलं. बिल्स १६-० ने पुढे होते. शेवटी दबाव वाढला तसा तो एकट्याने सामना जिंकायला निघाला. पकडलं जात असतानाही त्याने चेंडू मागे साथीदाराकडे भिरकावला. संघ जादा वेळेत २२-१९ ने हरला.

बघा, 'याला जमत नाही' या एका वाक्याची तीन वेगळी कामं झाली. पहिल्या दोघांवर सराव हा उपाय आहे. तिसऱ्यावर सोपे पर्याय आणि अनुभव.

तिसरा रकाना: आपण त्याच्या हातात काय दिलं?

हा रकाना मालक लोक रिकामा सोडतात, कारण त्यात स्वतःचंच नाव लिहावं लागतं.

२०१८ मध्ये ॲलनसमोरच्या भिंतीतले तीन जुने खांब एकाच वर्षी गेले होते: एकाला मानेच्या दुखापतीमुळे थांबावं लागलं, एक निवृत्त झाला, एकाला दुसऱ्या संघाला दिलं. ज्याच्यावर डोळे मिटून विश्वास टाकावा असा रिसीव्हर नव्हता. अशा वेळी पास चुकला, तर चूक नेमकी कुणाची?

बिल्सने काय केलं ते क्रमाने पाहा. २०१९ मध्ये भिंतीच्या मधोमध मिच मोर्स आणला. जॉन ब्राउन आणि कोल बीझली हे दोन भरवशाचे रिसीव्हर आणले. बीझलीची खासियत छोटे, सोपे पास, म्हणजे ॲलनला नेमकं जे करायला लावायचं होतं तेच. मग मार्च २०२० मध्ये पहिल्या फेरीची निवड आणि वर आणखी काही देऊन स्टीफॉन डिग्ज घेतला. या सगळ्या काळात आक्रमणाचे कोच ब्रायन डेबॉल बदलले नाहीत. तीच भाषा, तीच पद्धत. दरम्यान ॲलन सुट्टीच्या महिन्यांत वेगळ्या प्रशिक्षकाकडे जाऊन पायांपासूनची फेक नव्याने बसवत होता.

निकाल: २०१८ मध्ये ५२.८, २०१९ मध्ये ५८.८, २०२० मध्ये ६९.२ टक्के. त्या तिसऱ्या वर्षी ३७ टचडाउन पास आणि १० इंटरसेप्शन. संघ १३ सामने जिंकला, ३ हरला. डिग्जने १२७ पास झेलले, लीगमध्ये सगळ्यात जास्त. ऑगस्ट २०२१ मध्ये संघाने ॲलनशी सहा वर्षांचा २५.८ कोटी डॉलरचा करार केला, आणि २०२४ च्या सीझनचा सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला.

थांबा, लगेच टाळ्या नकोत

ही गोष्ट ऐकून "म्हणजे प्रत्येकाला तीन वर्षं द्यायची" असा अर्थ काढलात तर घाटा होईल. ॲलन हा अपवाद आहे. दुसरी बाजूही पाहूया.

न्यूयॉर्क जेट्सने २०२१ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर झॅक विल्सनला घेतलं. हातात जादू, सगळे म्हणायचे. पहिल्या वर्षी ५५.६ टक्के. दुसऱ्या वर्षी ५४.५. रेघ वर चढलीच नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये न्यू इंग्लंडविरुद्ध जेट्स १०-३ ने हरले, विल्सनचे २२ पैकी ९ पास पूर्ण झाले, मिळाले फक्त ७७ यार्ड. सामन्यानंतर त्याला विचारलं, बचाव फळीने एवढं रोखून धरलं, तुम्ही त्यांना निराश केलं असं वाटतं का? तो नाही म्हणाला. पुढच्या सामन्यात त्याला बसवून माइक व्हाइटला उतरवलं. व्हाइटने शिकागोविरुद्ध ३१५ यार्ड आणि ३ टचडाउन काढले.

इथे एक उत्तम चाचणी दडली आहे: तेच काउंटर, तोच माल, माणूस दुसरा. दुसऱ्याला जमत असेल तर तिसऱ्या रकान्याकडे बोट दाखवून चालणार नाही. अर्थात एका सामन्यावर शिक्का मारायचा नाही. पण दोन वर्षांची सपाट रेघ, जबाबदारी झटकण्याची सवय आणि ही चाचणी, तिन्ही एकाच दिशेने बोलू लागल्या की ऐकायचं. एप्रिल २०२४ मध्ये जेट्सने विल्सनला डेन्व्हरला देऊन टाकलं.

आणि याच जेट्सने त्याआधी उलटी चूकही केली होती. २०१८ मध्ये तिसऱ्या क्रमांकावर घेतलेला सॅम डार्नल्ड. २१ वर्षांचा, कारकिर्दीतला पहिलाच पास विरोधकाने झेलून टचडाउन केला. तरीही तो सामना जेट्स ४८-१७ ने जिंकले. पण पहिल्या वर्षानंतर मुख्य कोच बदलला, आजूबाजूचा संघ कमकुवत राहिला, आणि २०२० मध्ये जेट्स १६ पैकी फक्त २ सामने जिंकले. एप्रिल २०२१ मध्ये त्याला कॅरोलायनाला दिलं. पुढे सॅन फ्रान्सिस्कोत एक वर्ष तो राखीव म्हणून बसला. मग २०२४ मध्ये मिनेसोटात त्याला चांगला कोच आणि जस्टिन जेफरसनसारखा रिसीव्हर मिळाला: ३५ टचडाउन पास, संघाचे १४ विजय, ३ पराभव. त्याच सीझनच्या शेवटी बाद सामन्यात मात्र भिंत कोसळली, त्याला नऊ वेळा चेंडूसकट पाडलं आणि संघ हरला. म्हणजे जुनी कमजोरी गेली नव्हती. चांगल्या परिस्थितीत ती झाकली जाते, वाईट परिस्थितीत उघडी पडते. माणूस पूर्ण चांगला किंवा पूर्ण वाईट, असं नसतंच.

आपल्या दुकानात हे कसं वापरायचं

काउंटरवरचा मुलगा घ्या. 'विक्री कमी' हा तुमचा ५२.८. आता वही काढा.

१. जमा: गिऱ्हाईक त्याच्याशी बोलायला थांबतं का? हिशोबाला सरळ आहे का? वेळेवर येतो का? या गोष्टी प्रशिक्षणाने फारशा येत नाहीत. असतील तर सोनं समजा.

२. नावे: नेमकं कुठे अडतं? मालाची माहिती नाही, भाव सांगताना डगमगतो, की बिल करताना गोंधळतो? एका वेळी एकच गोष्ट शिकवायला घ्या.

३. आपली बाजू: भावाची यादी त्याच्या हातात आहे का? त्याला शिकवणारा एकच माणूस आहे, की सकाळी तुम्ही एक सांगता आणि संध्याकाळी वडील दुसरंच? चालणारा माल त्याच्या काउंटरवर आहे का?

४. रेघ: दर महिन्याला तोच एक आकडा लिहा. रेघ चढते आहे का? हळू चढली तरी चालेल. आणि चूक दाखवली की तो काय म्हणतो, तेही लिहा.

५. तारीख: एनएफएलमध्ये पहिल्या फेरीत निवडलेल्या खेळाडूच्या करारात पाचवं वर्ष वाढवायचं की नाही, हे संघाला तीन सीझननंतर ठरवावंच लागतं. तुम्हीही तारीख ठरवा, आणि ती त्या मुलाला आधी सांगा. तलवार टांगती ठेवून कुणीच नीट काम करत नाही.

तिसरा रकाना सुधारला, दुसऱ्यावर मेहनत घेतली, तरीही ठरलेल्या तारखेला रेघ सपाटच असेल, तर मोकळ्या मनाने निरोप द्या. त्याला कुठलं काम जमेल तेही सांगा, कारण पहिला रकाना तुमच्याकडे लिहिलेला आहे. तो कागद त्याच्या पुढच्या नोकरीत त्याला उपयोगी पडेल.

या आठवड्याचा गृहपाठ: ज्याच्यावर तुम्ही सगळ्यात जास्त वैतागला आहात त्याच्या नावाने एक पान घ्या, तीन रकाने आखा, आणि सुरुवात तिसऱ्यापासून करा. तो भरून झाल्याशिवाय पहिल्या दोघांना हात लावायचा नाही. पुढच्या व्हिडिओत, शिकवताना एका वेळी एकच गोष्ट कशी निवडायची, ते बघू.

भेटूया, धंदा सांभाळा.