चेहऱ्याची लाली आणि आग : कारणे व काळजी

शरीराचे जे भाग सदैव उघडे असतात त्यांत चेहरा प्रमुख होय. ऊन, वारा, धूळ, चुलीचा धूर, साबण, पावडर, टिकली, दाढीचे पाते या सर्वांचा मारा तो रोज सोसत असतो. त्यामुळे चेहऱ्याची कातडी मधूनमधून लाल होणे किंवा चुरचुरणे यात नवल नाही. असा त्रास बहुधा दोन-चार दिवसांत आपोआप शमतो. परंतु महिनोन्‌महिने चेहरा तापलेला राहतो, साधे पाणी लावले तरी झोंबते, उन्हात पाच मिनिटे उभे राहिले तरी आग होते, अशी तक्रार असेल तर ती अंगावर काढणे योग्य नाही. कॉलेजात व वसतिगृहात राहणाऱ्या मुलामुलींत ही तक्रार विशेष आढळते. खेदाची गोष्ट अशी, की पुष्कळदा तिचे मूळ चेहऱ्यात नसून चेहऱ्याला लावलेल्या मलमात असते. हा विषय प्रत्येक घराला समजावा म्हणून येथे तो सोप्या भाषेत मांडीत आहे.

कातडी म्हणजे एक भिंत

आपल्या कातडीचा सर्वांत वरचा थर कागदापेक्षाही पातळ असतो, पण त्याचे काम मोठे आहे. या थराची रचना विटांच्या भिंतीसारखी आहे. चपट्या, निर्जीव पेशी या विटा, आणि त्यांच्या फटी भरणारे स्निग्ध पदार्थ हा चुना. ही भिंत शाबूत असेल तर आतला ओलावा बाहेर जात नाही आणि बाहेरचे साबण, धूळ, जंतू आत शिरत नाहीत. भिंतीतला चुना झिजला की कातडी कोरडी पडते, बाहेरचे पदार्थ आतल्या मज्जातंतूंना टोचू लागतात आणि शरीर त्या जागी जास्त रक्त पाठवते. रक्तवाहिन्या फुगतात. त्यालाच आपण लाली म्हणतो, आणि टोचण्याला आग.

चेहऱ्याची कातडी हातापायांच्या कातडीपेक्षा नाजूक असते. पापण्यांची तर सर्वांत पातळ. निरोगी कातडी किंचित आम्लधर्मी असते. आंघोळीचा नेहमीचा वडीचा साबण मात्र अल्कधर्मी असतो. म्हणून दिवसातून चार-पाच वेळा साबणाने तोंड धुणारा मनुष्य स्वच्छता राखत नसून भिंतीचा चुना खरवडत असतो.

सावळ्या चेहऱ्यावर लाली कशी ओळखावी

वैद्यकाच्या पुस्तकांतील चित्रे बहुतांशी गोऱ्या माणसांची असतात. त्यांच्या चेहऱ्यावर लाली गुलाबी दिसते. आपल्याकडील सावळ्या किंवा काळ्या चेहऱ्यावर तीच लाली तांबूस-तपकिरी, जांभळट किंवा नुसती काळसर दिसते. परिणामी घरातील मंडळी म्हणतात, “चेहरा काळवंडला,” आणि उजळपणासाठी आणखी एखादे क्रीम आणतात. वस्तुतः तो चेहरा काळवंडलेला नसून सुजलेला असतो. म्हणून केवळ रंगावर न जाता चार गोष्टी पाहाव्यात : हात लावल्यास तो भाग गरम लागतो काय, पाणी किंवा घाम लागताच झोंबते काय, कातडी ताणल्यासारखी वाटते काय, आणि बारीक पापुद्रे निघतात काय. उत्तर होकारार्थी असल्यास चेहऱ्याला उजळपणाची नव्हे, विश्रांतीची गरज आहे असे समजावे.

नेहमीची कारणे

काही कारणे आपण स्वतःच ओढवून घेतो. पुटकुळीवर टूथपेस्ट किंवा लिंबू चोळणे, खाण्याचा सोडा लावणे, खरखरीत स्क्रबने घासणे, पार्लरमध्ये वारंवार ब्लीच करणे, ही त्यांतील ठळक होत. सुगंधी क्रीम, केसांचा काळा रंग, टिकलीचा डिंक यांचीही काहींना ॲलर्जी होते.

शेतात राबणाऱ्यांनी गाजरगवताकडे लक्ष द्यावे. हे परदेशी तण १९५० च्या दशकात पुणे परिसरात आढळले आणि पुढे देशभर पसरले. त्याचे सूक्ष्म कण वाऱ्याने उडून चेहरा, पापण्या व मानेवर बसतात आणि ॲलर्जी असलेल्याच्या कातडीला तीव्र खाज व सूज येते. शेतात गेल्यावर त्रास वाढत असेल आणि गावाबाहेर राहिल्यावर कमी होत असेल, तर कारण चटकन लक्षात येते.

काही वेळा मूळ एखाद्या विकारात असते. रोझेशिया या विकारात गाल व नाक वरचेवर लाल होतात. कडक ऊन, गरम चहा, तिखट जेवण, दारू किंवा मानसिक ताण यांमुळे लाली उसळते. डोक्यातील कोंड्याचाच प्रकार भुवयांत व नाकाच्या कडेला उतरून तेथे लाली व पापुद्रे येतात. या विकारांना चांगले उपचार आहेत; मात्र निदान डॉक्टरांनी करावयाचे आहे.

सर्वांत मोठा घातक : चिठ्ठीविना घेतलेले मलम

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. १९५२ साली अमेरिकेतील सल्झबर्गर व विटेन या डॉक्टरांनी हायड्रोकॉर्टिसोन हे औषध कातडीवर लावल्याने इसबासारखे विकार शमतात असे दाखवून दिले. स्टिरॉइड वर्गातील या औषधांनी तेव्हापासून असंख्य रुग्णांना आराम दिला आहे. योग्य रोगावर, योग्य जागी, ठरावीक दिवस लावले तर स्टिरॉइड उपकारक आहे. दोष औषधाचा नाही, त्याच्या बेजबाबदार वापराचा आहे.

हा वापर कसा सुरू होतो ते पाहा. एखाद्या मुलीच्या घरी लग्न ठरते. चेहऱ्यावर दोन-चार पुटकुळ्या किंवा वांगाचे डाग असतात. मैत्रीण किंवा शेजारीण एका ट्यूबचे नाव सांगते, दुकानदार ती काढून देतो. आठ दिवसांत पुटकुळ्या बसतात, चेहरा गुळगुळीत व उजळ दिसतो. सर्वजण कौतुक करतात आणि ट्यूब रोजची होते. स्टिरॉइड रक्तवाहिन्यांना आकुंचित करते आणि कातडीतील दाह दाबून टाकते, म्हणून हा गुण दिसतो. पण तेच औषध हळूहळू कातडी पातळ करते आणि भिंत दुबळी करते. काही महिन्यांनी मलम बंद केले, की दबलेल्या रक्तवाहिन्या एकदम फुगतात. चेहरा लालबुंद होतो, आग आग होते, पुटकुळ्यांचे पीक येते. मुलगी घाबरून पुन्हा तीच ट्यूब लावते आणि तासाभरात बरे वाटते. ज्याने घर पेटवले त्यालाच विझवायला बोलवावे असा हा प्रकार आहे. पुढे गालांवर रक्तवाहिन्यांचे जाळे उघड दिसू लागते, चेहऱ्यावर लव वाढते, कोठे पांढरट तर कोठे काळे डाग पडतात. नायट्यावर हे मलम लावले तर खाज थांबते, पण बुरशी आतून पसरत राहते.

हा प्रकार अपवादात्मक नाही. देशातील १२ त्वचारोग केंद्रांत केलेली एक पाहणी २०११ साली प्रसिद्ध झाली. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २९२६ रुग्णांपैकी ४३३ जण, म्हणजे जवळजवळ १५ टक्के, चेहऱ्यावर स्टिरॉइड लावीत होते. त्यांतील निम्म्याहून अधिक जणांना ते डॉक्टरेतर व्यक्तीने सुचवले होते. २०१८ साली केंद्र सरकारने अशी अनेक मलमे ‘शेड्यूल एच’ या यादीत घातली. या यादीतील औषध नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. तरीही चिठ्ठी न मागणारे दुकानदार भेटतात आणि चिठ्ठी न नेणारे ग्राहकही भेटतात. कायदा कागदावर राहू नये असे वाटत असेल तर ग्राहकाने जागे व्हावयास हवे.

ट्यूब वाचावयास शिकावे

आपण शिकलो ते वाचण्यासाठीच. ट्यूबवरील मोठे आकर्षक नाव सोडून खालची बारीक अक्षरे वाचावीत. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन, बेक्लोमेथासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादे नाव असेल तर ते स्टिरॉइड आहे. मोमेटासोन, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन ही तीन नावे एकत्र असतील तर ते वांगावरील औषध आहे. रोज लावावयाचे सौंदर्यप्रसाधन नव्हे. वेष्टनावर लाल रेघ व ‘आर-एक्स’ अशी खूण असल्यास ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच वापरावयाचे असते.

ज्या डबीवर घटकच छापलेले नाहीत ती तर घरात आणूच नये. उजळपणाच्या अशा काही क्रीममध्ये पारा आढळला आहे, आणि पारा कातडीतून शरीरात शिरून मूत्रपिंडांना इजा करतो.

घरी घ्यावयाची काळजी

चेहरा सतत झोंबत असेल तर प्रथम लावण्याचे कमी करावे. पुढील नियम स्वस्त आहेत आणि बहुतेकांना मानवतात.

१) सर्व सुगंधी क्रीम, स्क्रब, ब्लीच, लिंबू, हळदीचे लेप आणि मुलतानी माती तूर्त बंद ठेवावी. ‘नैसर्गिक’ म्हणजे निरुपद्रवी असे नव्हे. गाजरगवतही नैसर्गिकच आहे.

२) दिवसातून दोनदाच तोंड धुवावे. पाणी कोमट किंवा साधे असावे. साबणाऐवजी सौम्य, बिनवासाचा क्लीन्झर वापरावा; तो नसल्यास नुसते पाणीही चालते. टॉवेलने घासू नये, मऊ कापडाने टिपून घ्यावे.

३) चेहरा किंचित ओला असतानाच बिनवासाचे साधे मॉइश्चरायझर लावावे. कातडी फार कोरडी असल्यास साध्या पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ थर पुरतो. खोबरेल काहींना मानवते, पण पुटकुळ्या किंवा कोंडा असलेल्यांना त्याने त्रास होऊ शकतो.

४) आग होत असताना स्वच्छ सुती कापड गार पाण्यात भिजवून, पिळून, दहा मिनिटे चेहऱ्यावर ठेवावे. बर्फ थेट लावू नये.

५) उन्हात जाताना छत्री, टोपी किंवा सैल सुती ओढणी वापरावी. सनस्क्रीन घ्यावयाचे तर झिंक ऑक्साइड असलेले, बिनवासाचे घ्यावे.

६) नवीन वस्तू एका वेळी एकच सुरू करावी. प्रथम ती कोपराच्या आतल्या बाजूस आठवडाभर लावून पाहावी. तेथे खाज किंवा लाली आली तर चेहऱ्याजवळ नेऊ नये.

७) कशाने त्रास वाढतो याची छोटी वही ठेवावी. ऊन, तिखट, जागरण, शेतातील काम अशी कारणे महिन्याभरात त्यातून स्पष्ट होतात.

येथे धीर महत्त्वाचा आहे. कातडीचा वरचा थर नवा होण्यास साधारण चार आठवडे लागतात. म्हणून चार दिवसांत गुण नाही असे म्हणून उपाय बदलू नयेत. स्टिरॉइडने बिघडलेल्या चेहऱ्यास पूर्ववत होण्यास तर कित्येक महिने लागू शकतात. अशा व्यक्तीने डॉक्टरांना लावलेल्या ट्यूबचे नाव निःसंकोच सांगावे, शक्य तर ट्यूबच सोबत न्यावी. तीव्र मलम अनेक महिने लावले असल्यास ते टप्प्याटप्प्याने कसे सोडावे हे डॉक्टर ठरवतात आणि मधल्या काळातील आग शमवण्यासाठी स्टिरॉइड नसलेली औषधे देतात. दम्यासारख्या आजारासाठी पोटातून स्टिरॉइड घेणाऱ्यांनी मात्र हा लेख वाचून ते स्वतःहून कधीही थांबवू नये.

डॉक्टरांकडे केव्हा जावे

वरील काळजी घेऊनही महिन्याभरात उतार नसेल तर दाखवावे. डोळ्यांत कचकच किंवा लाली असेल, तसेच गालांवरील लालीसोबत ताप, सांधेदुखी, तोंडातील व्रण किंवा केस गळणे असेल, तर विलंब करू नये. ल्युपससारखा आजार त्यामागे असू शकतो. चेहऱ्यावरील चट्ट्याला स्पर्श कळत नसेल, किंवा कानाच्या पाळ्या जाड झाल्या असतील, तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्यावी. त्याचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते आणि रोग पूर्ण बरा होतो. ओठ, जीभ सुजून श्वास लागत असेल तर तत्काळ रुग्णालय गाठावे. जिल्हा रुग्णालये व वैद्यकीय महाविद्यालयांत त्वचारोग विभाग असतो. तेथे अल्प खर्चात तपासणी होते.

रंग हा रोग नव्हे

शेवटी एक गोष्ट सांगितली पाहिजे. या ट्यूबा खपतात त्या केवळ अज्ञानामुळे नव्हे. लग्नाच्या जाहिरातीत ‘गोरी’ हा शब्द आपणच छापतो, मुलगी पाहायला गेल्यावर रंगाची चर्चा आपणच करतो, आणि घरात दोन बहिणींची तुलनाही आपणच करतो. मुलांवरही उजळ दिसण्याचे दडपण आता कमी राहिलेले नाही. सावळ्या कातडीतील रंगद्रव्य हे उन्हापासून मिळालेले संरक्षण आहे. जो रोगच नाही त्यावर औषध लावले की औषधाचाच रोग होतो.

तेव्हा विद्यार्थी मित्रांनी आपल्या खोलीतील आणि पालकांनी आपल्या घरातील कपाटात असलेली ट्यूब आजच काढून तिच्यावरची बारीक अक्षरे वाचावीत. न समजल्यास जाणत्याला विचारावे. आणि आपल्या मुलीला पुढच्या वेळी कोणी रंगावरून बोलले, तर तिच्या हातात क्रीमची डबी न देता त्या बोलणाऱ्याला तेथल्या तेथे उत्तर द्यावे.