हृदयस्नायू मृत की सुप्त? किरणोत्सर्गी द्रव्यांची साक्ष

अकोट परिसरातील एक शेतकरी काही वर्षांपूर्वी आमच्या अमरावतीच्या चिकित्सालयात आले. हृदयविकाराचा झटका येऊन महिना लोटला होता. नागपूरच्या तज्ज्ञांनी ‘थॅलियम टेस्ट’ सुचविली होती; परंतु अंगात अणूचे औषध टोचतात, असे कोणीतरी सांगितल्याने ते धास्तावले होते. ‘डॉक्टरसाहेब, करू का नको जी?’ या त्यांच्या प्रश्नास आम्हांस त्या दिवशी समर्पक उत्तर देता आले नाही. ती उणीव मनाला लागली, म्हणून हा लेखनप्रपंच.

हृदय हे सद्यःप्राणहर मर्म. झटक्यानंतर त्याच्या स्नायूचा काही भाग मृत होतो, तर काही रक्ताअभावी केवळ निपचित पडतो. मृत भागास रक्त पुरवून लाभ नाही. सुप्त भाग मात्र पुन्हा कार्यरत होऊ शकतो. अँजिओप्लास्टी वा बायपासचा निर्णय पुष्कळदा या भेदावर अवलंबून असतो.

थॅलियम-२०१ शरीरात पोटॅशियमप्रमाणे वागते व जिवंत पेशींत शिरते. आज बहुधा टेक्नेशिअम-९९एम हे द्रव्य सेस्टामिबी या संयुगातून देतात, तरी जुने नाव रूढ आहे. श्रमानंतर व विश्रांतीत अशी दोनदा चित्रे घेतात. श्रमानंतर फिकट दिसणारा भाग विश्रांतीत भरून आला, तर रक्तपुरवठा अपुरा. दोन्ही वेळा रिकामाच राहिला, तर बहुधा व्रणवस्तू. तरीही शंका उरल्यास पेट तपासणीत फ्लोरिनयुक्त ग्लुकोज देऊन जिवंतपणा पडताळतात. याउलट टेक्नेशिअम पायरोफॉस्फेट क्षतिग्रस्त स्नायूतच साचते. १९७० च्या दशकात झटक्याच्या निदानासाठी त्याचा वापर सुरू झाला; आज ते मुख्यतः हृदयाच्या अ‍ॅमिलॉइड विकारात उपयोगी पडते.

या विद्येस महाराष्ट्रात मोठी परंपरा आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर मुंबईत परळ येथे १९६३ साली स्थापन झाले. देशातील पहिले वैद्यकीय सायक्लोट्रॉन व पेट यंत्रही तेथेच २००२ मध्ये कार्यान्वित झाले. मोलिब्डेनम-९९ भरलेल्या जनित्रातून रुग्णालये रोज टेक्नेशिअम काढून घेतात. गाय दुहावी तसेच ते.

भीतीचे काय? टेक्नेशिअमचा अर्धायुकाल ६ तासांचा. २४ तासांत त्याचा सोळावा हिस्साच उरतो. शिवाय बराचसा मलमूत्रावाटे बाहेर पडतो. किरणोत्सार शून्य नाही, पण योग्य कारणासाठी केलेल्या तपासणीचा लाभ त्याहून अधिक ठरतो. गर्भिणी व स्तनपान करविणाऱ्या स्त्रियांनी मात्र आधी सांगितलेच पाहिजे.

वैद्यबंधूंनी व औषधविक्रेत्यांनी तीन गोष्टी ध्यानी ठेवाव्यात. औषध टोचून श्रमावस्था निर्माण करावयाची असेल, तर चहा, कॉफी साधारण २४ तास वर्ज्य; दम्यावरील थिओफिलीनविषयी केंद्रास विचारावे. आपण दिलेले काढे, गुटिका यांची यादी रुग्णासोबत द्यावी. आणि चालू औषधे स्वतःहून बंद करण्यास कधीही सांगू नये.

छातीत कळ येत असताना मात्र या तपासणीची वाट पाहू नये. तेव्हा पहिला ईसीजी, आणि तोही तत्काळ.

ते शेतकरी पुढल्या आठवड्यात पुन्हा आले, तेव्हा आम्ही कागदावर हृदय रेखाटून हेच समजावले. ते निमूटपणे नागपूरला गेले. अकोला-अमरावतीच्या प्रत्येक चिकित्सालयात असा प्रश्न कधीतरी येणारच. त्यावेळी उत्तर आपल्यापाशी तयार असावे, एवढेच मागणे.