मोटारींतील कांटा : नळीचा कीं तारेचा?

चालकासमोर तेलाचा लाल दिवा असतां दाबमापक आणखी कशास, असें कोणीहि विचारील. पण तो दिवा दाब जवळजवळ संपल्यावर लागतो, आणि तेलावांचून फिरणारीं इंजिनांतील बेअरिंगें थोड्याच वेळांत निकामी होतात. दाब हळूहळू उतरत आहे, हें कांटाच सांगूं शकतो. असा कांटा मागाहून बसवूं गेल्यास दुकानदार विचारतो, ‘मेकॅनिकल देऊं कीं इलेक्ट्रिक?’

मेकॅनिकल प्रकारांत इंजिनांतील तेलच बारीक नळीवाटे तबकडीपर्यंत येतें. तबकडीमागें धातूची एक चपटी, वांकविलेली नळी असते. फ्रान्समधील यूजेन बूर्दोन यांनीं १८४९ सालीं तिचें पेटंट घेतलें. दाब वाढतांच ती सरळ होऊं पाहते व कांटा फिरविते. येथें विजेचें कामच नाहीं. बॅटरी उतरली तरी कांटा खोटें बोलत नाहीं.

इलेक्ट्रिक प्रकारांत तेल इंजिनापाशींच राहतें. तेथें बसविलेल्या सेंडरमधील विजेचा अवरोध दाबाप्रमाणें बदलतो, आणि तारेंतून केवळ निरोप येतो. म्हणून सेंडर व तबकडी एकाच जोडीचीं हवींत. एकाच तारेच्या सेंडरचें अर्थिंग त्याच्या आट्यांतूनच होतें. त्यांवर टेफ्लॉनची फीत भरमसाट गुंडाळली, तर निरोपहि चुकतो.

मग निवड कशी करावी? माझ्या जुन्या गाडींत नायलॉनची नळी पत्र्याच्या भोकाशीं घांसून फुटली आणि कढत तेल पायांवर सांडलें. भोकांत रबराचें कडें असतें, तर हें टळलें असतें. तेव्हांपासून मी आधीं विचारतों : हें मोडलें, तर आंत काय येईल?

तेल येणार असेल, तर जाळीच्या आवरणाची नळी व रबराचें कडें घालून मेकॅनिकल कांटा खुशाल बसवावा. पाण्याची उष्णता मोजणाऱ्या मेकॅनिकल मापकाची नळी बंद असते. लांब वाटली तरी ती कापूं नये, कापली कीं मापक वायां गेलें. पेट्रोलची नळी मात्र बैठकीच्या भागांत कधींच आणूं नये. तेथें तारेचा निरोपच बरा.

कांटा कोणताहि घ्या. तो शून्याकडे वळतांच गाडी थांबवून इंजिन बंद करा. त्याकडे पाहावयाचें नसेल, तर दोन्ही कांटे सारखेच.