नकाशांच्या ओढीने आलेला कवी

अमेरिकेतील उच्च शिक्षणाचा विषय निघाला म्हणजे हार्वर्ड, येल अशी धनाढ्य नावेच आपल्या ओठांवर येतात. परंतु ज्याचे शालेय गुण मिरविण्याजोगे नाहीत आणि ज्याला मोलमजुरी करीत शिकावयाचे आहे, अशा तरुणासाठी त्या देशाने जी 'कम्युनिटी कॉलेजे' काढली, त्यांचा उल्लेख आपल्याकडे क्वचितच कानी पडतो. माध्यमिक शाळेच्या दाखल्यावर मिळणारा प्रवेश, दोन वर्षांचा अभ्यासक्रम आणि त्यानंतर विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षात रुजू होण्याची मुभा, अशी ही तजवीज आहे. इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे १९०१ साली तिचा प्रारंभ झाला. १९१० साली फ्रेझ्नो येथे कॅलिफोर्नियातील अशा प्रकारचे पहिले महाविद्यालय निघाले.

या फ्रेझ्नोच्या महाविद्यालयात १९७० च्या सुमारास गॅरी सोटो नावाचा एक विद्यार्थी दाखल झाला. १९५२ साली मेक्सिकन वंशाच्या श्रमजीवी कुटुंबात जन्मलेला, पाच वर्षांचा असताना कामावरील अपघातात वडील गमावलेला आणि सॅन वाकीन खोऱ्यातील द्राक्षांच्या मळ्यांतून व कापसाच्या शेतांतून राबलेला हा मुलगा काव्याच्या ध्यासाने तेथे आला होता, असे म्हणण्यास काडीचाही आधार नाही. त्याने विषय घेतला होता भूगोल, आणि तोही का, तर नकाशे आवडतात म्हणून! (विषय निवडण्याची याहून गंभीर कारणे पुष्कळांजवळ असतात, ती याहून प्रामाणिक असतातच असे नाही.)

कविता त्याला भेटली ती वर्गात नव्हे, ग्रंथालयात. डोनाल्ड ॲलन यांनी संपादित केलेला, १९६० साली प्रसिद्ध झालेला समकालीन अमेरिकन काव्याचा संग्रह त्याच्या हाती लागला, आणि त्यातील एडवर्ड फील्ड यांच्या एका कवितेने त्याला जागच्या जागी खिळवून ठेवले. टपाल कचेरीत फरारी गुन्हेगारांच्या तसबिरी लावतात, तशी आपलीही तसबीर तेथे लागलेली आहे, परंतु आपल्याला हुडकावयास कोणीच उत्सुक नाही, अशी त्या कवितेतील विषण्ण, किंचित हास्यकारक कल्पना. आपण कोणालाच नको आहोत, हे ज्या दुःखाला तो केवळ स्वतःचे समजत होता, ते मनुष्यमात्राचे आहे आणि त्यावर लिहिताही येते, हा साक्षात्कार त्याला येथे झाला.

पुढे फ्रेझ्नोच्याच राज्य विद्यापीठात त्याला फिलिप लेव्हिन हे गुरू लाभले. डेट्रॉइटच्या मोटार कारखान्यांत स्वतः घाम गाळलेल्या या कवीला श्रमाची भाषा कोणी समजावून सांगावी लागत नव्हती. हळव्या शब्दाला मात्र त्यांच्यापाशी क्षमा नसे. १९७७ साली पिट्सबर्ग विद्यापीठाने प्रसिद्ध केलेल्या सोटोंच्या पहिल्या संग्रहात त्याच खोऱ्यातील धूळ, वारा आणि शेतमजुरांचे कष्ट काव्यविषय होऊन अवतरले.

दोन वर्षांच्या महाविद्यालयाने चरितार्थापुरते कसब शिकवावे, काव्य हा सुखवस्तूंचा शौक आहे, असे म्हणणाऱ्यांशी माझे मुळीच जुळत नाही. भूगोलाच्या विद्यार्थ्याला निष्कारण काव्याच्या कपाटाशी रेंगाळता आले, हेच मला त्या संस्थेचे खरे कर्तृत्व वाटते. अर्थात असे रेंगाळणे परवडलेही पाहिजे. सोटो तेथे शिकत होते तेव्हा कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांना या महाविद्यालयांत शिक्षणशुल्क पडत नसे. ते प्रथम लागू झाले १९८४ साली.