बाळ सांभाळणारीचा खोकला

गणपतीला गावी आलेली एक बाई परवा दवाखान्यात आली. मुंबईत एका घरी चोवीस तास राहून ती तान्हे मूल सांभाळते. तीन आठवडे खोकला, संध्याकाळी कणकण, वजनही उतरलेले. "डॉक्टर, मालकिणीला कळलं तर काम जाईल हो," हे तिचे पहिले वाक्य. आजार नंतर सांगितला.

तिची भीती खोटी नाही. काम गेले की डोक्यावरचे छप्परही त्याच दिवशी जाते. तरीही दोन आठवडे खोकला राहिला तर थुंकी तपासलीच पाहिजे. सरकारी दवाखान्यात ही तपासणी आणि क्षयाची औषधे मोफत मिळतात. औषधे साधारण सहा महिने घ्यावी लागतात. उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी सरकार दरमहा ५०० रुपये देत असे, नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले. मुंबईला परतल्यावर तिथल्या केंद्रात उपचार पुढे चालू ठेवता येतो.

लपवाछपवीत खरा धोका बाळाला. लहान मुलांत हा रोग मेंदूच्या आवरणापर्यंत जाऊ शकतो. बीसीजी टोचली आहे म्हणून निर्धास्त राहू नये. रोग निघाला तर बाळाला तपासून प्रतिबंधक औषध सुरू करावे लागते.

आणि मालकमंडळींनो, बाईला काढून काय साधते? योग्य औषधे सुरू झाल्यावर बहुतेक रुग्णांचा संसर्ग काही आठवड्यांत ओसरतो. तेवढी पगारी रजा द्या. काढलेली बाई पुढच्या घरी खोकला दाबूनच जाईल.

थुंकी तपासणीला पाठवली आहे. मालकिणीला फोन करायला मात्र ती अजून तयार नाही.